गोळ्यांचा हिशेब: मात्रेचे गणित वॉर्डात कसे शिकले

नर्सिंगच्या अभ्यासक्रमात औषधांच्या मात्रेचे गणित गोळ्यांपासून सुरू होते, कारण सलाइनचे थेंब, इंजेक्शनचे मिलिलिटर आणि पंपाचा वेग यांच्या मानाने गोळीचा हिशेब सर्वांत सोपा समजला जातो. सूत्र एका ओळीत मावते. डॉक्टरांनी लिहिलेल्या मात्रेला एका गोळीतल्या मात्रेने भागायचे, की किती गोळ्या द्यायच्या ते कळते. फ्युरोसेमाइड 60 मिलिग्रॅम लिहिले असेल आणि हातातली गोळी 40 मिलिग्रॅमची असेल, तर दीड गोळी. शाळेत त्रैराशिक शिकलेल्या कोणालाही हे जमते आणि मलाही पहिल्या तासापासून जमत होते. तरीही हे गणित मला नीट यायला लागले ते वॉर्डात ड्युटी करू लागल्यावर. भागाकार हा या कामाचा शेवटचा आणि सर्वांत छोटा भाग असतो आणि खरी मेहनत भागाकारात कोणते दोन आकडे बसवायचे हे ठरवण्यात जाते, हे तिथे हळूहळू उमजत गेले. त्या शिकण्याविषयी मी येथे लिहीत आहे.

आमच्या ट्यूटर मॅडमची एक शिस्त होती. फळ्यावर उदाहरण लिहिले की त्या कोणालाही लगेच वहीत डोके घालू देत नसत. "गोळी एकापेक्षा कमी लागेल, बरोबर एक लागेल की जास्त लागेल, ते आधी तोंडाने सांगा, मग पेन उचला," असे त्या म्हणत. त्या वयात मला हा वेळेचा अपव्यय वाटे. पुढे रात्रीच्या ड्युटीत, एका बाजूला नवीन पेशंट येत असताना आणि दुसऱ्या बाजूला दहा वाजताच्या गोळ्या काढत असताना, या सवयीची किंमत समजली. डिगॉक्सिन 0.125 मिलिग्रॅम द्यायचे आहे आणि गोळी 0.25 मिलिग्रॅमची आहे. घाईत कॅल्क्युलेटरवर 0.25 भागिले 0.125 दाबले गेले, तर उत्तर ठणठणीत 2 येते. आकडे तेच, यंत्र बिनचूक, उत्तराला कुठे अपूर्णांकही नाही; मात्र खरे उत्तर अर्धी गोळी असल्याने दोन गोळ्या म्हणजे चौपट मात्रा, आणि तीही अशा औषधाची, ज्यात उपयोगी पडणारी पातळी आणि घातक पातळी यांत फार थोडे अंतर असते. आकडेमोडीपूर्वीच "द्यायची मात्रा गोळीपेक्षा लहान आहे, म्हणजे उत्तर एकाच्या आत यायला हवे" एवढे मनाशी ठरलेले असेल, तर तो 2 पडद्यावर दिसताक्षणीच खटकतो. म्हणून मी आजही भागाकारापूर्वी अंदाज बांधते आणि नव्या सिस्टरांकडूनही तो उच्चारून घेते.

अंदाजानंतर एकक पाहायचे. ऑर्डर आणि स्ट्रिप या दोन्हींवर एकच एकक असल्याशिवाय भागाकाराला हात लावायचा नाही, हा नियम पुस्तकात एका वाक्यात येतो, पण वॉर्डात त्याला रोज सामोरे जावे लागते. थायरॉइडच्या गोळ्या हे त्याचे नेहमीचे उदाहरण. ट्रीटमेंट शीटवर लेव्होथायरॉक्सिन 0.075 मिलिग्रॅम असे लिहिलेले असते आणि स्ट्रिपवर 25 मायक्रोग्रॅम छापलेले असते. एक मिलिग्रॅम म्हणजे 1000 मायक्रोग्रॅम, म्हणून दशांशचिन्ह तीन घरे उजवीकडे सरकवायचे, 0.075 मिलिग्रॅमचे 75 मायक्रोग्रॅम होतात आणि 25 च्या तीन गोळ्या लागतात. मी नेहमी मोठ्या एककाचे लहान एकक करते, म्हणजे ग्रॅमचे मिलिग्रॅम आणि मिलिग्रॅमचे मायक्रोग्रॅम, कारण त्याने पूर्णांक हाती येतात आणि पूर्णांकाचा भागाकार डोळ्यांना लगेच पटतो. उलट दिशेने गेले, तर 0.025 आणि 0.075 यांच्यासारखे शून्यांनी भरलेले आकडे कागदावर उतरतात आणि त्यातले एखादे शून्य गळाले, तर ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.

शून्याविषयी इथेच सांगायला हवे, कारण माझ्या मते गोळीच्या हिशेबातला सर्वांत मोठा धोका लिखाणात आहे. दशांशचिन्हापूर्वी शून्य नसेल, तर ".5" मधला ठिपका कार्बन प्रतीत उमटत नाही आणि उरतो 5. पूर्णांकानंतर उगाच शून्य दिले, तर "1.0" चे 10 वाचले जाते. दोन्ही वेळा चूक दहापटीची होते. मायक्रोग्रॅमसाठी हाताने काढलेले ग्रीक अक्षर घाईत इंग्रजी एमसारखे दिसले, तर फरक हजारपटीचा. अमेरिकेत रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या जॉइंट कमिशनने 2004 मध्ये टाळावयाच्या लेखनपद्धतींची यादी केली, तिच्यात ही शून्ये आहेत. मी ही यादी पाहिली त्याच्या आधीपासून आमच्या इन्चार्ज सिस्टर शीटवर अशी ऑर्डर दिसली की डॉक्टरांना गाठून ती पुन्हा स्पष्ट लिहून घेत आणि तोवर औषध ट्रेमध्ये ठेवू देत नसत. कोणी "आपल्याला कळले की" म्हटले, तर त्यांचे उत्तर ठरलेले असे: "आपल्याला कळले, पण सकाळच्या सिस्टरला कळायला हवे." मीही पुढे तेच केले. डॉक्टरांना फोन करताना संकोच वाटतो, विशेषतः मध्यरात्री. परंतु अर्धवट वाचता येणाऱ्या ऑर्डरवर केलेला हिशेब कितीही अचूक असला, तरी त्याला पाया नसतो, आणि एकदा हे पटले की तो संकोच गळून पडतो.

भागाकाराचा दुसरा आकडा स्ट्रिपवरून घ्यायचा असतो आणि तो वाचणे वाटते तितके सोपे नाही. स्ट्रिपच्या पाठीमागे औषधाचे नाव, बॅच, मुदत आणि मात्रा हे सगळे बारीक अक्षरांत दाटीवाटीने छापलेले असते. कोणीतरी कात्रीने गोळ्या कापून घेतलेल्या असतात आणि उरलेल्या तुकड्यावर फक्त नावाचा शेवट आणि एखादा एकटा आकडा शिल्लक असतो. असा तुकडा मी वापरत नाही. कापताना मजकूर असलेली बाजू शेवटपर्यंत राखायची, हे मी प्रत्येक नव्या बॅचला हातात कात्री देऊन दाखवते. पण पूर्ण स्ट्रिप हातात असली, तरी तिच्यावरचा मोठा आकडा हाच हिशेबाचा आकडा असेल याची खात्री नसते, आणि हा भाग मला सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो.

क्लोरोक्विनचे उदाहरण घ्या. मलेरियाच्या प्रौढ पेशंटला पहिल्या दिवशी 600 मिलिग्रॅम बेस, म्हणजे मूळ औषध, द्यायचे असते. नेहमीच्या गोळीवर क्लोरोक्विन फॉस्फेट 250 मिलिग्रॅम असे असते. 600 भागिले 250 केले, तर 2.4 येतात, आणि 2.4 गोळ्या कोणी देऊ शकत नाही. इथे काही विद्यार्थिनी उत्तर जवळच्या अडीचवर नेऊन मोकळ्या होतात. वास्तविक त्या 2.4 नेच त्यांना थांबवायला हवे होते. 250 मिलिग्रॅम हे क्षाराचे, म्हणजे फॉस्फेटसकट पूर्ण संयुगाचे, वजन आहे. त्यात मूळ औषध 150 मिलिग्रॅम असते आणि तेही बहुधा स्ट्रिपवर खाली लहान अक्षरांत दिलेले असते. 600 भागिले 150, म्हणजे बरोबर चार गोळ्या. लोहाच्या गोळ्यांतही हेच घडते: 60 मिलिग्रॅम लोह मिळायला फेरस सल्फेट हेप्टाहायड्रेट 300 मिलिग्रॅम लागते, तर फेरस फ्युमरेट 180 मिलिग्रॅम पुरते, त्यामुळे ऑर्डरमधला आकडा लोहाचा आहे की क्षाराचा, हे ठरल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

जोडगोळ्यांची गोष्ट याहून नाजूक आहे. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडची 625 ची गोळी संपली आहे आणि कपाटात 375 ची आहे, असे होते. 625 भागिले 375 म्हणजे साधारण पावणेदोन, म्हणून "दोन देऊ या" असा विचार सहज येतो. पण 625 म्हणजे 500 अधिक 125 आणि 375 म्हणजे 250 अधिक 125. दोन गोळ्यांनी अमॉक्सिसिलिन 500 बरोबर होते आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड मात्र 250, म्हणजे दुप्पट होते. जुलाबाचा त्रास प्रामुख्याने याच घटकामुळे वाढतो. बेरजेच्या आकड्यावर भागाकार करताच येत नाही, प्रत्येक घटकाचा वेगळा हिशेब मांडावा लागतो, आणि तो मांडल्यावर उत्तर जुळत नसेल, तर फार्मसीतून योग्य गोळी मागवणे किंवा डॉक्टरांना विचारणे एवढेच मार्ग उरतात. पार्किन्सनच्या आजारातल्या लेव्होडोपा व कार्बिडोपाच्या गोळ्यांनाही हाच न्याय लागू पडतो.

आता अर्ध्या गोळीविषयी. वहीत 0.5 लिहिणे सोपे असते. हातात गोळी धरून तिचे दोन समान भाग करणे वेगळे. मधोमध खाच असलेली, कोरडी, जरा मोठी गोळी कटरमध्ये नीट बसवली, पाते एका दाबात खाली आणले, तर दोन बऱ्यापैकी सारखे तुकडे पडतात. खाच नसलेली किंवा वरून आवरण असलेली गोळी मात्र पात्याखाली सरकते, एक तुकडा मोठा निघतो, दुसऱ्याच्या कडेची भुकटी ट्रेमध्ये सांडते, आणि मग त्या तुकड्यात नेमके किती मिलिग्रॅम उरले हे कोणत्याही सूत्राने सांगता येत नाही. काही गोळ्यांवरची खाच केवळ गिळायला सोपे जावे म्हणून दिलेली असते, समान मात्रेसाठी नव्हे. म्हणून पाव गोळी असे उत्तर आले की मी कापायला जात नाही, कमी मात्रेची गोळी किंवा पातळ औषध मिळते का ते पाहते. वरच्या 75 मायक्रोग्रॅमच्या उदाहरणातही 50 ची आणि 25 ची एकेक गोळी मिळत असेल, तर 50 ची दीड देण्यापेक्षा ते चांगले.

कापण्यापूर्वी नावापुढची अक्षरे वाचायची असतात. एसआर, एक्सआर, सीआर, रिटार्ड अशी अक्षरे असली, की त्या गोळीतले औषध अनेक तासांत थोडे थोडे सुटणार असते. ती चुरली, तर दिवसभराचे औषध एकदम पोटात जाते. आतड्यात विरघळण्यासाठी आवरण दिलेल्या गोळ्या चुरल्या, तर औषध जठरातच नष्ट होते किंवा जठराला इजा करते. मेटफॉर्मिन 750 मिलिग्रॅम लिहिले आहे आणि हातात 500 ची एसआर गोळी आहे, तर दीड हे उत्तर गणितात बरोबर असूनही देण्याजोगे नसते. मेटोप्रोलॉल सक्सिनेटच्या खाच असलेल्या काही दीर्घप्रभावी गोळ्या खाचेवर मोडता येतात, पण चुरता किंवा चावता येत नाहीत. असा अपवाद असला, तरी तो त्या गोळीच्या माहितीपत्रकात वाचून मगच पाळायचा. नाकातून नळी घातलेल्या पेशंटला गोळ्या चुरून द्याव्या लागत असल्याने हा प्रश्न दररोज येतो आणि तिथे माझा पहिला फोन फार्मासिस्टला असतो.

उत्तर फार मोठे आले, तर काय करावे? तीनपेक्षा जास्त गोळ्या निघाल्या, तर हिशेब पुन्हा तपासा, असे आम्हाला शिकवले होते आणि ही सूचना चांगली आहे, कारण औषध कंपन्या साधारणपणे नेहमीची मात्रा एक-दोन गोळ्यांत बसेल अशाच बेताने गोळ्या बनवतात. पण ती थांबून पाहण्यासाठी आहे. प्रेडनिसोलोन 40 मिलिग्रॅम असेल आणि वॉर्डात 5 च्याच गोळ्या असतील, तर आठ गोळ्या हे बरोबर उत्तर असते. मेथोट्रेक्सेट 15 मिलिग्रॅमला 2.5 च्या सहा गोळ्या लागतात, हेही बरोबर. मात्र इथे संख्येइतकाच महत्त्वाचा असतो दिवस. सांधेदुखीच्या आजारांत हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि तेच रोज घेतले गेले, तर अस्थिमज्जेवर परिणाम होऊन जीव जाऊ शकतो. त्यामुळे त्या ऑर्डरमध्ये वाराचे पूर्ण नाव लिहिलेले असल्याशिवाय मी सहा गोळ्यांचा हिशेब पूर्ण झाला असे मानत नाही. या गोळ्या मी कापत किंवा चुरतही नाही.

लहान मुलांच्या वॉर्डात बदली झाल्यावर हिशेबात वजन आले आणि त्याबरोबर एक नवा प्रश्न: लिहिलेली मात्रा दिवसाची की एका वेळेची? बारा किलोचे मूल, फेनोबार्बिटोन दर किलोला 5 मिलिग्रॅम प्रतिदिन, दोन वेळांत विभागून. 12 गुणिले 5 म्हणजे दिवसाचे 60, एका वेळेचे 30, आणि गोळी 30 ची असेल, तर प्रत्येक वेळी एक. "विभागून" हा शब्द नजरेतून सुटला, तर प्रत्येक वेळी दोन गोळ्या जातील आणि मूल गुंगीत राहील. मी अशा वेळी कागदावर तीन वेगळ्या ओळी मांडते, दिवसाची मात्रा, एका वेळेची मात्रा आणि गोळ्यांची संख्या, आणि शेवटी उलटा हिशेब करून पाहते: एक गोळी 30, दोन वेळा 60, भागिले 12, पुन्हा 5. वजनही आजच्या काट्यावरचे हवे, महिन्यापूर्वीच्या केस पेपरवरचे चालत नाही.

मोठ्यांच्या वॉर्डात दिवसाचा हिशेब पॅरासिटामॉलच्या वेळी कामी येतो. 1 ग्रॅम दर सहा तासांनी म्हणजे 500 च्या दोन गोळ्या चार वेळा, आणि प्रौढाची 24 तासांची 4 ग्रॅमची मर्यादा तेवढ्यातच गाठली जाते. त्याच शीटवर सर्दीची एखादी संयुक्त गोळीही असली आणि तिच्यातही पॅरासिटामॉल असले, तर प्रत्येक ओळीचा हिशेब बरोबर असूनही एकूण बेरीज जास्त होते. वजन कमी असलेल्या किंवा यकृताचा आजार असलेल्या पेशंटला तर मर्यादाच खाली असते.

दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घेणे ही पद्धत सगळीकडे आहे, पण ती कशी केली जाते यावर तिचा उपयोग अवलंबून आहे. ट्रे पुढे करून "अर्धीच येते ना गं?" असे विचारले, की समोरची मान डोलावते, कारण उत्तर तिला आधीच मिळालेले असते. मी ऑर्डर आणि स्ट्रिप तिच्या हातात देते, माझा कागद पालथा ठेवते आणि तिचे उत्तर येईपर्यंत गप्प राहते. दोन उत्तरे जुळली, तरच पुढे जायचे. नाही जुळली, तर दोघींनी मिळून ऑर्डरपासून पुन्हा सुरुवात करायची, एकीने दुसरीला पटवत बसायचे नाही. डिगॉक्सिन, रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन, मेथोट्रेक्सेट आणि लहान मुलांची सगळी औषधे यांना हे मी कधीही टाळत नाही, मग वॉर्ड कितीही भरलेला असो. डिगॉक्सिनच्या बाबतीत गोळी हातात असतानाही एक काम उरते: पूर्ण एक मिनिट छातीवर स्टेथोस्कोप ठेवून ठोके मोजायचे आणि प्रौढाचे ठोके 60 च्या खाली असतील, तर गोळी न देता डॉक्टरांना कळवायचे.

आणि पेशंटही तपासणारा असतो. "सिस्टर, रोज एकच गोळी असते, आज दोन कशा?" असे कोणी विचारले, की मी गोळ्या परत ट्रेमध्ये ठेवून शीट आणि स्ट्रिप पुन्हा वाचते. बहुतेक वेळा पुरवठा बदललेला असतो, 50 च्या जागी 25 ची स्ट्रिप आलेली असते, आणि तसे स्ट्रिप दाखवून समजावले की पेशंटला धीर येतो. पण क्वचित ऑर्डर बदलल्याची नोंद राहिलेली असते आणि तो प्रश्न अगदी वेळेवर आलेला असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी हानी कमी करण्यासाठी जी मोहीम सुरू केली, तिच्यात पेशंट एका ठिकाणच्या देखभालीतून दुसरीकडे जातो तो टप्पा विशेष काळजीचा मानला आहे, आणि डिस्चार्जच्या वेळी मला ते पुरेपूर पटते. वॉर्डात दिलेली "दीड गोळी" घरी वेगळ्या मात्रेच्या स्ट्रिपमधून दीडच घेतली जाण्याची शक्यता असते. म्हणून डिस्चार्ज कार्डावर मी मिलिग्रॅम आणि गोळ्यांची संख्या दोन्ही लिहिते, अपूर्णांक अंकांत न लिहिता "अर्धी", "दीड" असा अक्षरी लिहिते, आणि प्रेडनिसोलोनसारखी मात्रा उतरवत न्यायची असेल, तर प्रत्येक टप्प्याच्या तारखा घालून गोळ्या मांडून दाखवते: 35 मिलिग्रॅमच्या दिवसांत 10 च्या तीन आणि 5 ची एक, 30 च्या दिवसांत 10 च्या तीन. घरी जुन्या स्ट्रिप शिल्लक असतील, तर त्या पुढच्या भेटीला सोबत आणायला सांगते, आणि निघण्यापूर्वी पहिल्या दिवसाच्या गोळ्या नातेवाइकांना माझ्यासमोर स्ट्रिपमधून काढून दाखवायला लावते.